सर, जरा ऐकता का?

'मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की एक रुपया दंड असायचा, आणि त्या हिशेबाने मी शाळेला बऱ्यापैकी श्रीमंत करून बाहेर पडलोय. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या मुद्रितशोधकाच्या खात्यावर टाका आणि पुढे वाचा.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांना माझी ओळख करून द्यायची गरज नाही. रात्री साडेदहा वाजता भिंतीपलीकडून जो 'टकटक टकटक' असा आवाज येतो, तो पाण्याच्या पाइपचा नाही. तो मीच. मी ड्रम्स शिकतो. ढोल नाही, तबला नाही, तर स्टूलावर बसून दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी चार वेगळ्या कामांना लावायचे असतात ते ड्रम्स. आता एवढं कबूल केलंच आहे, तर ज्या विषयावर गेलं वर्षभर डोकं खातोय तोही सांगूनच टाकतो. तो विषय म्हणजे शिकवणारा माणूस कसा निवडावा.

सुरुवात शाळेपासून झाली. कॉन्व्हेंटने मराठीसाठी दंड घेतला, पण एक गोष्ट फुकट दिली. पंधरा ऑगस्टच्या मार्चपास्टला शाळेचा बँड असायचा आणि त्यात पीटीच्या सरांनी माझ्या गळ्यात साइड ड्रम अडकवला. उंचीप्रमाणे ओळ लावली आणि मी ड्रमसमोर आलो, एवढीच माझी गुणवत्ता. पण त्या 'लेफ्ट-राइट'च्या तालावर आपल्या मागे चारशे मुलांचे पाय पडतात, ही भावना सातवीतल्या मुलाला काय वाटते ते शब्दांत सांगता येत नाही. पुढे दहावी, बारावी, सीईटी या सगळ्यात ड्रम माळ्यावर गेला आणि फर्स्ट इयरच्या गॅदरिंगला सीनियर्सचा बँड ऐकून परत खाली आला.

मग क्लास शोधणं आलं. आपण इंजिनिअरिंगची मुलं क्लास कसा शोधतो? जसा बारावीला शोधला तसाच. कुठे आहे, फी किती, बोर्डावर कुणाचे फोटो आहेत. मी तर चक्क एक्सेल शीट केली. अंतर, फी, ड्रमसेट कोणत्या कंपनीचा, एसी आहे की नाही, असे कॉलम. त्यातून जो क्लास पहिला आला तिथे नाव घातलं. 'खासगी शिकवणी, प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष' अशी पाटी होती. महिन्याला अडीच हजार. घरी मी काय सांगितलं ते लेखाच्या शेवटी सांगतो, कारण ते सांगायला मला अजून थोडा धीर गोळा करायचा आहे.

तिथले सर वाईट होते असं मी मुळीच म्हणणार नाही. माणूस दिलदार, आणि वाजवायला बसला की डोळ्याचं पातं लवायचं नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात त्यांना कायम मागणी असायची. आम्ही पाच जण एका तासाला, सेट एक. सर आधी वाजवून दाखवायचे. आम्ही मनापासून टाळ्या वाजवायचो. मग प्रत्येकाला दहा मिनिटं. माझी दहा मिनिटं सुरू झाली की सर दारात जाऊन फोनवर पुढच्या कार्यक्रमाचं ठरवायचे आणि मधूनच आत डोकावून म्हणायचे, "मस्त! चालू दे!"

चालू दे, चालू दे करत आठ महिने गेले. मला अकरा गाणी 'येत' होती. खरं सांगायचं तर ती मी रूमवर युट्यूब बघून बसवली होती, क्लासला फक्त सेट वापरायला मिळायचा. सहाव्या महिन्यात उजवं मनगट दुखायला लागलं. सर म्हणाले, ताकद येतेय. ताकद काही आली नाही, जर्नल लिहिताना कळ मात्र यायला लागली. शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी टेबलावरची दोन पेनं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, कसं वाजवतोस ते दाखव. दहा सेकंद बघून म्हणाले, "अरे, बसमधला दांडा धरल्यासारखी का धरतोयस?" तीन आठवडे वाजवणं बंद. आठ महिन्यांत माझ्या हाताकडे नीट बघणारा पहिला माणूस हाडांचा डॉक्टर निघाला, याची तेव्हा मला गंमत वाटली. आता तेवढी वाटत नाही.

आणि मग सेकंड इयरचं गॅदरिंग. सभागृहात जे तेव्हा होते त्यांना आठवत असेल. आठवत नसेल तर देवाची कृपा. गाणं कुठलं ते सांगत नाही, त्या गाण्याची तरी अब्रू राहू दे. सुरुवात बरोबर केली होती, पण कडवं संपेपर्यंत मी पळायला लागलो होतो आणि बिचारा अख्खा बँड माझ्यामागे धावत होता. समोर पब्लिक शिट्ट्या मारत होतं, मला वाटलं रंग चढलाय. गाणारी ताई फायनल इयरची होती. तिचं ते शेवटचं गॅदरिंग. खाली उतरल्यावर ती रागावली नाही. पाण्याची बाटली हातात घेऊन एवढंच म्हणाली, "अरे, मला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीस."

त्या रात्री मी एक्सेल शीट परत उघडली. अंतर होतं, फी होती, एसी होता. 'इथे माझं वाजवणं कोणी ऐकतं का?' हा कॉलमच नव्हता.

क्लास सोडला. दोन महिने नुसताच बसलो आणि मग परत शोध सुरू केला, पण या वेळी ठरवलं की पैसे भरायच्या आधी प्रत्येकाकडे एक तास बसून बघायचं. अशी विनंती केली तर बहुतेक शिक्षक हो म्हणतात. ही गोष्ट मला आधी माहीतच नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

पहिल्या ठिकाणी मॅडमनी माझ्यासमोर परीक्षेचा सिलॅबस ठेवला. ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा रॉकस्कूल यांच्या ड्रम्सच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडेही देता येतात, अगदी सुरुवातीच्या पायरीपासून ग्रेड आठपर्यंत. आपल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद, अलंकार अशा पायऱ्या असतात, तसंच काहीसं. मला या परीक्षांबद्दल आकस नाही. त्यांनी शिस्त लागते, नोटेशन वाचता येतं. पण मॅडमनी मी कोणती ग्रेड कधी द्यायची याची तारीख मला वाजवायला सांगण्याच्या आधीच काढली होती. मनात म्हटलं, हे तर आपलं युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल झालं.

दुसरे सर मुंबईचे, ऑनलाइन. त्यांनी मात्र कान देऊन ऐकलं. पण मध्ये यंत्र आडवं आलं. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात, त्यामुळे झांजेचा आवाज ती गोंगाट समजून दाबून टाकतात. ते सेटिंग बदलता येतं, पण आवाज पोचायला लागणारा वेळ काही बदलता येत नाही. दोघांनी एकाच वेळी वाजवायचं म्हटलं तर एक जण कायम मागे. माझा आजारच लयीचा असल्यामुळे मला समोर माणूस हवा होता. गावात शिकवणारं कोणी नसेल त्याने ऑनलाइन जरूर शिकावं, ते सर खरोखर चांगले होते.

तिसरे सर खडकीला मिळाले. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पचमढीला लष्करी संगीताचं जे प्रशिक्षण केंद्र आहे तिथे त्यांचं शिक्षण झालेलं. घरामागे पत्र्याची शेड, त्यात एक जुना सेट, एक साइड ड्रम आणि भिंतीला टेकवलेली गादी, शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. एसी वगैरे विषयच नाही. मी म्हटलं, "सर, मला अकरा गाणी येतात." ते म्हणाले, "बरं. वाजीव."

मी माझं सगळ्यात फास्ट गाणं काढलं. ते खुर्चीत डोळे मिटून बसले. झोपले की काय असं वाटलं. तीन-चार मिनिटं एक शब्द नाही. संपल्यावर म्हणाले, "आता हेच निम्म्या वेगानं."

मित्रहो, मला ते आलं नाही. तुम्ही म्हणाल हळू वाजवणं सोपं असेल. करून बघा. वेगात चुका मागच्यामागे निघून जातात, हळू वाजवताना प्रत्येक चूक दारात थांबून तुमच्याकडे बघते.

मग त्यांनी मेट्रोनोम लावला, मिनिटाला साठ ठोके. म्हणजे सेकंदाला एक, घड्याळाचा काटाच. मी त्याच्याबरोबर वाजवायला लागलो. थोड्या वेळाने त्यांनी त्याचा आवाज बंद केला आणि बोटाने खूण केली, थांबू नको. चार मात्रांची चार आवर्तनं, म्हणजे सोळा सेकंद, मी एकटा. परत आवाज चालू केला तेव्हा मी सरळसरळ अर्धा ठोका पुढे गेलेलो होतो. "काय, गाडी चुकतीय का तुझी?" सर म्हणाले.

रूमवर येऊन हिशेब केला. सोळा सेकंदांत अर्धा सेकंद म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास एरर. चार मिनिटांच्या गाण्यात साडेसात सेकंद. हे शेडमध्ये शांतपणे बसून. स्टेजवर, लाइट्सखाली, शिट्ट्यांमध्ये किती होत असेल ते तुम्हीच काढा.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट पुढेच आहे. सरांनी विचारलं, "कुठं बिघडतं, सांग." मी म्हटलं, उजवा हात. "हात नाही. फिल घेताना तू श्वास रोखून धरतोस. छातीत हवा कोंडली की माणूस पळतोच. तोंडानं मोठ्यांदा आकडे म्हणत वाजीव." मी एक-दोन-तीन-चार म्हणत वाजवलं. आकडे म्हणायला श्वास सोडावाच लागतो. पळणं थांबलं नाही, पण कमी झालं, तिथल्या तिथे. ताईचा श्वास मी का खाल्ला होता, ते मला तेव्हा कळलं.

आता यातून मला काय म्हणायचंय ते आपल्या भाषेत सांगतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्याच लेक्चरला आपल्याला ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकवतात. ओपन लूपमध्ये इनपुट द्यायचं आणि आउटपुट काय येतंय ते देवावर सोडायचं. क्लोज्ड लूपमध्ये आउटपुट मोजायचं, हवं ते आणि आलं ते यातला फरक काढायचा आणि तो परत आत पाठवायचा. युट्यूब हा ओपन लूप आहे. जगातला सर्वांत भारी ड्रमर तुमच्या मोबाइलमध्ये वाजवून दाखवेल, पण तुमचं मनगट त्याला दिसत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की समोर बसलेला शिक्षकसुद्धा ऐकत नसेल तर तोही युट्यूबच, फक्त फी भरून. शिक्षकाचं पहिलं काम वाजवून दाखवणं नाही. त्याचं पहिलं काम सेन्सरचं, म्हणजे ऐकण्याचं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: शिक्षक कसा वाजवतो यापेक्षा तो तुमचं कसं ऐकतो ते बघा.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. खडकीच्या सरांकडे एक जीर्ण पुस्तक आहे, 'स्टिक कंट्रोल'. अमेरिकेतल्या बॉस्टनचे शिक्षक जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांनी ते 1935 साली काढलं. आत गाणं नाही, चित्र नाही. पहिल्या तीन पानांवर नुसते उजवा-डावा हाताचे बहात्तर क्रम, आणि वर सूचना की प्रत्येक वीस वेळा वाजवा. आपल्या जर्नलपेक्षा कंटाळवाणं. या स्टोनसरांकडे जो मोरेलो नावाचा मुलगा शिकायला होता. त्याने घरी हे क्रम वाजवताना मधल्या काही ठोक्यांवर आपल्या मनाने जोर द्यायला सुरुवात केली आणि ते सरांना ऐकवलं. आमच्याकडे याला 'सिलॅबसच्या बाहेर' म्हणतात. स्टोनसरांनी मात्र ते ऐकलं, आणि त्याच कल्पनेवर पुढे त्यांचं 'ॲक्सेंट्स अँड रिबाउंड्स' हे दुसरं पुस्तक आलं. तो विद्यार्थी म्हणजे डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीतला ड्रमर, 1959 सालच्या पाच मात्रांच्या 'टेक फाइव्ह'मध्ये जो वाजवतो तोच. शिक्षकाने विद्यार्थ्याचं ऐकलं की फायदा दोघांचा होतो, तो असा.

दुसरं उदाहरण नील पर्टचं. रश या कॅनडातल्या बँडचा ड्रमर, 2020 मध्ये गेला. रॉक ऐकणाऱ्यांना त्याचं नाव सांगायला नको. बँडमध्ये वीस वर्षं काढल्यावर, चाळिशी ओलांडलेली असताना, त्याला वाटलं की आपलं वाजवणं ताठर झालंय. तेव्हा तो फ्रेडी ग्रूबर या शिक्षकांकडे जाऊन हात कसा हलवायचा इथपासून परत शिकला. जगाला त्याचं वाजवणं पाठ होतं. त्याला मात्र ते बाहेरून ऐकणारा एक माणूस हवा होता. मग आपण थर्ड इयरवाले कोण लागून गेलो?

आपल्याकडेही हे नवीन नाही. तबल्यात गंडा बांधण्याची पद्धत आहे. पण गंडा पहिल्या दिवशी बांधत नसत. गुरू शिष्याला पारखून घेई, आणि तेवढ्या काळात शिष्यही गुरूला बघून घेई. आपण मात्र पहिल्याच दिवशी तीन महिन्यांची फी ॲडव्हान्स भरतो. शिवाय तबल्यात आधी बोल तोंडाने म्हणायचे आणि मग हाताने काढायचे. माझे सर मला आकडे म्हणायला लावतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. ड्रम्समधलं 'पॅराडिडल' हेसुद्धा मला एक बोलच वाटतो. पॅ-रा-डिड-ल, उजवा-डावा-उजवा-उजवा. म्हणून बघा, जीभच वाजवून दाखवते.

यावर माझा रूममेट म्हणतो, "तुला एक कडक म्हातारा मिळाला, तो आवडला, आता सगळ्यांना तेच सांगत सुटलायस." थोडं खरं आहे. कडकपणा म्हणजे चांगलं शिकवणं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. छडीवाले मास्तर ऐकत होते असं थोडंच आहे? आणि प्रत्येकाची गरज वेगळी. कुणाला गणपतीपुरतं, गॅदरिंगपुरतं दोन गाणी वाजवायची असतील तर माझे पहिले सर उत्तम, तिथे मजा येते. कुणाला सर्टिफिकेट लागत असेल तर ग्रेड परीक्षा. पण आपल्याला काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा, आणि मग शिक्षकाने ते तुम्हाला विचारलं का ते बघा.

म्हणून माझ्यासारखे ठेच खाल्लेले जे काही बघतात ते थोडक्यात सांगतो. पहिल्या तासाला शिक्षक तुम्हाला वाजवायला लावतो की स्वतःच वाजवत बसतो? चूक सांगताना 'अजून प्रॅक्टिस कर' एवढंच म्हणतो, की 'अमुक ठिकाणी अमुक होतंय' असं बोट ठेवतो? घरी काय करायचं, किती करायचं हे तो तुमच्या वहीत लिहून देतो का, आणि पुढच्या वेळी ती वही उघडतो का? आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याला काय येत नाही ते तो सांगतो का? माझे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "जॅझ मला येत नाही. तुला ते शिकायचं झालं की मी दुसऱ्याचं नाव सांगीन." असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मनगट द्यायला भीती वाटत नाही. हो, आणि कुठे दुखतंय म्हटल्यावर 'ताकद येतेय' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

ड्रमसेट नाही म्हणून थांबू नका. पंचवीस-तीस हजारांचा सेट हॉस्टेलवर कोण ठेवू देणार? रबरी पॅड आणि काठ्यांची जोडी मिळून माझे दोन हजारांच्या आत गेले. पॅडखाली टॉवेलची घडी, मोबाइलवर फुकटचा मेट्रोनोम आणि रोज वीस मिनिटं. सरांनी मला दोन आठवडे सेटला हातच लावू दिला नव्हता, सगळं काम पॅडवर आणि सैल हाताने. काठी पडू द्यायची, आपटायची नाही. उडी तिची ती घेते. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमचा तो कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन इथे भेटतो. माझं मनगट आता दुखत नाही.

अर्थात शिक्षक चांगला मिळाला म्हणजे सगळं आपोआप होत नाही. पी हळद आणि हो गोरी असं इथे चालत नाही. दोनदा मी काही न करता गेलो. सरांनी वही बघितली, मिटली आणि चहा पाजून परत पाठवलं. फी घेतली नाही. ती बससुद्धा मला अडीच हजारांपेक्षा महाग पडली.

आता एक कबुली. सरांची फी भरायला मी रविवारी दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवतो. सुरुवातीचे दीड-दोन महिने मी काय करत होतो? फळ्यावर फाडफाड गणितं सोडवत होतो. मुलं बघत होती. "समजलं?" "हो दादा." "मस्त!" चाचणीत एकाला वीसपैकी सहा पडले. मी चिडणार होतो, तेवढ्यात आपण नक्की कुणासारखे बोलतोय ते लक्षात आलं. त्या रविवारी खडू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तोंडाने बोलत सोडव. दुसऱ्याच ओळीला कळलं की त्याचं बीजगणित ठीक आहे, तो बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या नेताना चिन्ह बदलायचं विसरतो. एवढंच! आणि मी त्याला वर्गसमीकरणांचा सिद्धांत ऐकवत होतो. शिकवताना गप्प बसून ऐकणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. पहिल्या सरांवरचा माझा रागही त्या दिवशी अर्धा उतरला.

हा लेख स्टाफरूममध्येही वाचला जातो हे मला माहीत आहे, आणि माझ्या ओरल्स अजून व्हायच्या आहेत हेही. तरी लहान तोंडी थोडा मोठा घास घेतो. सर आणि मॅडम, आमच्या वर्गात साठ-सत्तर डोकी असतात, प्रत्येकाचं ऐकणं शक्य नाही, मान्य. पण आमची असाइनमेंट आम्ही एकमेकांची बघून उतरवतो, तुम्ही त्यावर सही करता, आणि दोघांनाही माहीत असतं की यात कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. आपल्याच कॉलेजमध्ये एक सर प्रॅक्टिकलला सर्किट चाललं नाही तर स्वतः वायर हलवत नाहीत. बाजूला उभे राहून विचारतात, "तुला काय वाटतं, कुठे गडबड आहे?" त्यांच्या बॅचला सबमिशनला उशीर होतो, पण सर्किट त्याच बॅचची चालतात. आमच्याकडूनही चूक होते. समजलं का विचारल्यावर आम्ही माना डोलावतो. आपलं वाजवून दाखवायलाच तयार नसलेल्या विद्यार्थ्याचं कोणी काय ऐकणार?

जाता जाता रेक्टर सरांना एक विनंती. जिमखान्याच्या मागची टेबल टेनिसची जुनी खोली संध्याकाळी सहा ते आठ रिकामीच असते. दोन जुन्या गाद्या भिंतीला लावल्या तर तिथे गिटार, तबला, ड्रम, ज्याला जे हवं ते वाजवता येईल, आणि बी विंगचा दुसरा मजला तुम्हाला आयुष्यभर दुवा देईल. गाद्या आम्ही आणतो.

आणि आता ती राहिलेली गोष्ट. पहिल्या क्लासचे वीस हजार मी घरून ॲप्टिट्यूडच्या क्लाससाठी म्हणून मागवले होते. आठ महिने दर महिन्याला बाबा फोनवर विचारायचे, "काय रे, क्लास कसा चाललाय?" आणि मी म्हणायचो, "मस्त, चालू आहे." हे मॅगझिन घरी पोस्टाने जातं, त्यामुळे छापून यायच्या आधी सांगणं भाग होतं. गेल्या आठवड्यात फोन करून सगळं सांगितलं. मनगट, गॅदरिंग, खोटं, सगळं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "आता तरी नीट येतं का वाजवायला?"

म्हटलं, "नाही. पण कुठे चुकतं ते आता कळतं."

"मग त्या सरांची फी वेळेवर देत जा," ते म्हणाले, "आणि दिवाळीला येशील तेव्हा ते पॅड का काय ते घेऊन ये. ऐकू दे आम्हालाही."